मतपेटी आणि तिजोरी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी माझ्या एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "काटकसरीच्या विरुद्ध बोलणार म्हणे तुम्ही! आता उधळपट्टीचा उपदेश ऐकायलाही आम्ही संध्याकाळ खर्ची घालायची की काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण आजच्या विषयाची अर्धी अडचण त्या थट्टेत आलेली आहे. काटकसर हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे तुम्ही आम्ही घरोघर ऐकत वाढलो. तेव्हा काटकसरीला विरोध करून कोणी निवडणूक लढवतो आणि जिंकतो, हे ऐकले की आपल्या मनात पहिली शंका येते ती हीच, की ही मंडळी फुकटेपणाची तर वकिली करीत नाहीत ना?

म्हणून शब्दाचा खुलासा आधी करतो. युरोपात ज्याला 'ऑस्टेरिटी' म्हणतात ती घरातल्या गृहिणीची काटकसर नव्हे. गृहिणी स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या पोरांच्या तोंडाकडे पाहून खर्च आखडते. इथे कर्ज देणारा अट घालतो आणि सरकार ती पाळते; पगार, निवृत्तिवेतन, इस्पितळे, शाळा यांवरचा खर्च एकामागून एक कापला जातो, आणि त्याच वेळी कर वाढविले जातात. हिला मी 'सक्तीची काटकसर' म्हणेन. आजचा प्रश्न असा की, हिला विरोध करणारा डावा पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला, तर त्याला आपला शब्द खरा करता येतो काय? की मतपेटी एकीकडे आणि तिजोरीची किल्ली दुसरीकडे, अशीच स्थिती राहते?

या प्रश्नाची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत एका देशात झाली. तो देश ग्रीस. २५ जानेवारी २०१५ रोजी तिथे 'सिरिझा' या डाव्या पक्षाने निवडणूक जिंकली. तेव्हा त्या घटनेने साऱ्या युरोपचे लक्ष वेधले होते. आज दशकाहून अधिक काळ लोटला आहे. घोषणांचा धुरळा खाली बसला आहे आणि हिशेब शांतपणे मांडता येतो.

प्रथम पार्श्वभूमी. ग्रीस २००१ साली युरो या सामाईक चलनात सामील झाला. आपले जुने नाणे द्राख्मा त्याने सोडून दिले. युरो हाती येताच त्याला स्वस्त व्याजाने कर्ज मिळू लागले, आणि ते त्याने सढळ हाताने घेतले. त्यात ग्रीसचा दोष नव्हता असे मी म्हणणार नाही. कर चुकविणे, आपल्या माणसांना सरकारी नोकऱ्या वाटणे, जमाखर्चाचे आकडे झाकून ठेवणे, हे सारे तिथे झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये नवे सरकार आले आणि त्याने जाहीर केले की अर्थसंकल्पातील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२.७ टक्के आहे, म्हणजे आधी सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीहून अधिक. पुढे ती १५ टक्क्यांच्याही वर निघाली. सावकारांचा विश्वास उडाला. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले कर्ज मंजूर झाले, २०१२ मध्ये दुसरे. या कर्जांच्या अटी ठरवून त्यांवर देखरेख करणारे तिघे होते: युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. या त्रिकुटाला तिथले लोक 'त्रॉइका' म्हणू लागले. आणि त्या शब्दाचा उच्चार ते, आपण साडेसातीचा करतो त्या स्वरात करीत.

कर्जाचा मोठा भाग जुन्या सावकारांचे देणे भागविण्यात आणि बँका सावरण्यात गेला. सामान्य माणसाच्या वाट्याला आल्या त्या अटी. २०१२ साली कायद्याने किमान वेतन २२ टक्क्यांनी उतरविले गेले, आणि पंचविशीच्या आतील कामगारांचे ३२ टक्क्यांनी. निवृत्तिवेतने पुनःपुन्हा कापली गेली. २०१३ साली दर चार कामकऱ्यांत एकाहून अधिक बेकार होता. तरुणांत तर निम्म्याहून अधिक. २००८ ते २०१३ या काळात देशाचे उत्पन्न जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. युद्ध नाही, भूकंप नाही, आणि तरी एखाद्या देशाचे उत्पन्न चार आण्यांनी कमी व्हावे, ही विसाव्या शतकातील महामंदीशीच तुलना करावी अशी गोष्ट आहे. तिथल्या अर्थखात्याच्या कचेऱ्या झाडणाऱ्या सुमारे ६०० स्त्रियांना २०१३ साली कामावरून काढले. त्या बायका हातांत लाल रबरी मोजे घालून महिनोन् महिने त्याच कचेरीच्या दारात बसून राहिल्या. 'सक्तीची काटकसर' ही काय चीज आहे, हे समजायला आकड्यांपेक्षा ते लाल मोजे अधिक उपयोगी पडतील.

आता आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या पद्धतीने आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडतो. कारण प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडणे हा वादाचा नव्हे, वादातून पळण्याचा मार्ग आहे.

पूर्वपक्ष म्हणतो: मत देणारे एकटे ग्रीक नव्हते. २०१५ साली युरो वापरणारे १९ देश होते आणि त्या प्रत्येकात निवडून आलेले सरकार होते. २०१२ साली खासगी सावकारांनी आपल्या रोख्यांच्या दर्शनी किमतीतील निम्म्याहून अधिक रक्कम सोडून दिली होती. त्यानंतर ग्रीसचे बहुतेक कर्ज इतर देशांच्या सरकारांचे, म्हणजे तिथल्या करदात्यांचे होते. त्यांत स्लोव्हाकियासारखे, ग्रीसहून कमी मिळकतीचे देशही होते. स्लोव्हाकियात तर या मदतनिधीच्या प्रश्नावरून ऑक्टोबर २०११ मध्ये सरकार कोसळले. मग ग्रीक मतदाराने स्लोव्हाक कामगाराच्या खिशाविषयी ठराव करायचा, याला लोकशाही म्हणायचे काय? शिवाय अथेन्सच्या सरकारला सूट दिली, तर उद्या स्पेन, परवा पोर्तुगाल, सारेच हात पसरतील. करार हा करार आहे; सरकार बदलले म्हणून सही पुसली जात नाही. जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष युंकर यांनी याच आशयाचे उद्गार काढले, की युरोपीय करारांविरुद्ध लोकशाही निवड असू शकत नाही.

हा पक्ष पोकळ नाही. आपणांपैकी कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर असेल, तर त्यास तो पटलाही असेल. परंतु त्याला उत्तरपक्ष आहे, आणि तो असा.

सावकाराला कर्ज वसूल करण्याचा हक्क आहे, पण कर्जदाराची गाय विकावयास लावून वर दुधाच्या पैशांतून हप्ता मागण्याचा नाही. घराचा खर्च आणि देशाचा खर्च यांत एक मूलभूत फरक आहे. मी घरखर्च कमी केला तर माझा पगार कमी होत नाही, कारण माझा पगार माझ्या खर्चातून येत नाही. देशात मात्र एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. शिक्षकाचा पगार कापला की वाण्याची विक्री घटते. वाण्याची विक्री घटली की त्याचा पोऱ्या घरी बसतो. पोऱ्या घरी बसला की सरकारचा कर बुडतो. तेव्हा काही मर्यादेपलीकडे खर्च कापला, की कर्ज रकमेने तितकेच राहून उत्पन्नाच्या मानाने वाढत जाते. ग्रीसमध्ये नेमके हेच घडले. उत्पन्नाच्या मानाने कर्ज पावणेदोनपट झाले.

आणि हे कोणा डाव्या पत्रककाराचे म्हणणे नव्हे. खुद्द नाणेनिधीने जून २०१३ मध्ये आपल्याच कारभाराची तपासणी प्रसिद्ध केली. मूळ अंदाज असा होता की २०१२ साली बेकारी १५ टक्के असेल. प्रत्यक्षात ती २५ टक्के निघाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत निधीचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ ब्लांशार आणि त्यांचे सहकारी ली यांनी दाखवून दिले होते की, खर्चकपातीने उत्पन्न किती घसरेल याचा अंदाज करणाऱ्यांनी तो फार कमी धरला होता. वैद्याने औषधाची मात्रा चुकली असे कबूल केले, पण बाटली बदलली नाही!

येथे मला न्यायमूर्ती रानड्यांची आठवण होते. वसंत व्याख्यानमालेची परंपरा पुण्यात ज्यांनी घातली, त्या रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्यांचे प्रतिपादन असे की, अर्थशास्त्राचे नियम म्हणून जे सांगितले जातात ते स्थलकालनिरपेक्ष नसतात. विलायतेत जे पथ्य ते हिंदुस्थानातही पथ्यच, असे गृहीत धरता येत नाही. आश्चर्य हे की, सव्वाशे वर्षांनी हाच धडा युरोपला युरोपातल्याच एका देशाकडून घ्यावा लागला.

दुसरी गोष्ट. कर्जाला सूट देणे ही काही अघटित गोष्ट नव्हती. १९५३ साली लंडन येथे पश्चिम जर्मनीच्या परदेशी कर्जाचा करार झाला. त्यात ते कर्ज सुमारे निम्म्यावर आणले गेले आणि फेडीची मुदत लांबविली गेली. त्या करारावर सही करणाऱ्या देशांत ग्रीसही होता. तेव्हा ग्रीसने जर्मनीला जे दिले, त्याची आठवण २०१५ साली बर्लिनला करून देणे हा उद्धटपणा म्हणता येणार नाही.

तर मग, बंधुभगिनींनो, हिशेब इतका उघड होता, तर ज्यांच्या बाजूला हिशेब होता ते हरले का? माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे.

सिरिझाला ३०० पैकी १४९ जागा मिळाल्या, बहुमताला दोन कमी. एका उजव्या, पण कर्जाच्या अटींना विरोध करणाऱ्या छोट्या पक्षाला बरोबर घेऊन अलेक्सिस त्सिप्रास वयाच्या चाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. यानिस वारूफाकिस हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक अर्थमंत्री झाले. त्यांनी मतदारांना दोन वचने दिली होती. एक, सक्तीची काटकसर संपवू. दोन, युरो सोडणार नाही. दोन्ही वचने लोकांना हवी होती. पण ही दोन्ही एकत्र पाळण्याची शक्ती अथेन्समध्ये नव्हती. ती फ्रांकफुर्ट, बर्लिन आणि ब्रुसेल्स यांच्या हाती होती.

हे कसे, ते थोडे उलगडून सांगतो. देशाचे स्वतःचे नाणे असले, की संकटात त्याची मध्यवर्ती बँक देशातल्या बँकांना रोकड पुरवू शकते, आणि नाण्याची किंमत उतरवून निर्यात वाढविता येते. १९९१ साली आपल्यावरही वेळ आली होती. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवले, ती नामुष्की आपण विसरलो नाही. परंतु त्या जुलै महिन्यात रुपयाची किंमत उतरविण्याचा निर्णय घेता आला, कारण रुपया आपला होता. ग्रीसचा युरो ग्रीसचा नव्हता. घरातला नळ आपला, पण चावी शेजारच्या वाड्यात, अशी ती स्थिती!

आणि ती चावी लगेच फिरू लागली. सरकार येऊन दहा दिवस होतात न होतात, तोच ४ फेब्रुवारी २०१५ रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेने जाहीर केले की ग्रीक सरकारचे रोखे यापुढे नेहमीच्या कर्जासाठी तारण म्हणून चालणार नाहीत. ग्रीक बँका यापुढे तातडीच्या रोखसाहाय्यावर जगू लागल्या, आणि त्याची मर्यादा वरचेवर फ्रांकफुर्ट ठरवी. घाबरलेले ठेवीदार पैसे काढू लागले. २० फेब्रुवारीला सरकारने जुन्या कराराला चार महिन्यांची मुदतवाढ मान्य केली. त्या चार महिन्यांत नवे कर्ज हाती आले नाही, जुन्याचे हप्ते मात्र चालू राहिले. एप्रिलमध्ये सरकारला नगरपालिका आणि इतर सार्वजनिक संस्था यांची शिल्लकही एकत्र करावी लागली. वाटाघाटीत ज्याला वेळेची घाई तो हरतो, हे बाजारात भाजी घेणाऱ्यालाही ठाऊक असते. इथे घाई एकाच बाजूला होती.

त्या काळात सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. मार्चमध्ये पहिला कायदा झाला तो गरिबांना अन्नासाठी कार्डे आणि मोफत वीज देण्याचा. त्या लाल मोज्यांच्या बायकांना मे महिन्यात कामावर परत घेतले. पण मुख्य लढाई जागच्या जागी राहिली.

जूनच्या अखेरीस पेच आला. २७ जूनच्या मध्यरात्री त्सिप्रास यांनी सावकारांच्या अटींवर सार्वमत घेण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी रोखसाहाय्य आहे तिथे गोठविले गेले. २९ जूनला बँका बंद. यंत्रातून दिवसाला ६० युरोंपेक्षा अधिक काढता येईनात. यंत्राचे कार्ड नसलेली म्हातारी माणसे निवृत्तिवेतनासाठी बँकांच्या बंद दारांपुढे रांगा लावून उभी राहिली. ३० जूनला नाणेनिधीचा दीड अब्ज युरोंहून अधिक रकमेचा हप्ता चुकला. आणि अशा स्थितीत, खिशात ६० युरो असलेल्या त्या जनतेने ५ जुलैला काय कौल दिला? ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'ओखी' म्हटले; म्हणजे 'नाही'.

या 'नाही'पुढे मला आदराने मान लववावीशी वाटते. पण त्याच आठवड्यात त्या 'नाही'चे 'होय' झाले. ६ जुलैला वारूफाकिस यांनी राजीनामा दिला. १२ जुलैला ब्रुसेल्सला शिखरबैठक भरली, ती सुमारे १७ तास चालली, आणि १३ तारखेच्या सकाळी त्सिप्रास यांनी अटी मान्य केल्या. नवे कर्ज ८६ अब्ज युरोंपर्यंत. बदल्यात निवृत्तिवेतनात कपात, करात वाढ, आणि ५० अब्जांचे उद्दिष्ट ठेवून सार्वजनिक मालमत्ता विकण्यासाठी निधी. संसदेत ठराव विरोधी पक्षांच्या मतांवर पार पडला. सिरिझाच्या तिसांहून अधिक सभासदांनी विरुद्ध मत दिले.

त्सिप्रास यांनी विश्वासघात केला काय? हा प्रश्न अनेकजण तावातावाने विचारतात. माझे उत्तर दोन्ही बाजूंना कदाचित रुचणार नाही. १२ जुलैच्या रात्री त्यांच्यापुढे जे पर्याय होते, त्यांत सही करणे हा सर्वांत वाईट पर्याय नव्हता. दुसरा पर्याय होता युरोबाहेर पडण्याचा. जर्मन अर्थमंत्री शॉयब्ले यांच्या खात्याने तर ग्रीसने काही वर्षे युरोबाहेर राहावे अशी सूचनाही पुढे केली होती. पण नवे नाणे छापलेले नाही, बँका बंद, परदेशातून औषधे आणि इंधन घ्यायला पैसा नाही, अशा वेळी तयारीवाचून उडी घेणे म्हणजे सर्वांत गरीब माणसाला आधी बुडविणे होते. दोष त्या रात्रीचा नव्हता, त्याआधीच्या पाच महिन्यांचा, किंबहुना निवडणुकीच्या आधीच्या भाषणांचा होता. वारूफाकिस यांनी पर्यायी देवघेवीच्या व्यवस्थेचा आराखडा थोड्या सहकाऱ्यांबरोबर आखला होता, पण सरकारने तो आपला म्हणून स्वीकारला नाही आणि लोकांपुढे तो कधी ठेवलाही नाही. 'सावकार माघार घेईल' या एका गृहीतावर सारी इमारत उभी होती. सावकाराने माघार घेतली नाही. कारण स्पेनमध्ये त्याच वर्षाअखेर निवडणूक होती, आणि ग्रीसला दिलेली सूट तिथल्या डाव्यांना बळ देईल हे त्याला दिसत होते. म्हणजे ज्या विजयामुळे आपण बलवान झालो असे अथेन्सला वाटले, त्याच विजयामुळे समोरचा अधिक ताठर झाला.

मग लोकांनी काय केले? सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. सिरिझाला ३५ टक्क्यांहून अधिक मते आणि १४५ जागा मिळाल्या. जे बाहेर पडून 'नाही'चा झेंडा घेऊन उभे राहिले, त्यांना संसदेत शिरण्यापुरती ३ टक्के मतेही मिळाली नाहीत. जनतेने हरलेल्याला क्षमा केली. परंतु जानेवारीत मत द्यायला आलेल्यांपैकी कित्येकजण सप्टेंबरमध्ये घरीच बसले. माझ्या मते हा त्या पराभवाचा सर्वांत मोठा खर्च आहे, आणि तो कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

पुढची चार वर्षे त्या सरकारने सावकारांचा कार्यक्रम राबविला आणि फटीफटीतून जमेल तेवढे गरिबांसाठी केले. २०१६ साली विमा नसलेल्यांना सरकारी इस्पितळे खुली झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये कर्जकार्यक्रम संपला. २०१९ च्या फेब्रुवारीत किमान वेतन ५८६ वरून ६५० युरो झाले आणि तरुणांसाठीचे निराळे कमी वेतन रद्द झाले. त्याच वर्षी जुलैत सिरिझाने सत्ता गमावली, आणि जून २०२३ च्या निवडणुकीत तो पक्ष १८ टक्क्यांच्याही खाली आला. ग्रीसची पत आता सुधारली आहे, बेकारी पुष्कळ उतरली आहे. परंतु २०२४ सालीही त्या देशाचे खरे उत्पन्न २००८ च्या पातळीला पोहोचलेले नव्हते, आणि बाहेर गेलेले तरुण डॉक्टर आणि इंजिनियर सारे परत आलेले नाहीत. तेव्हा काटकसर अखेर फळाला आली, असे म्हणणाऱ्यांनी ते फळ किती वर्षांनी आणि कोणाच्या ताटात पडले हेही सांगावे.

आता कोणी म्हणेल, ग्रीस हा एक अपवाद. म्हणून दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. पहिले फ्रान्सचे. मे १९८१ मध्ये समाजवादी मित्तेराँ अध्यक्ष झाले. त्यांनी वेतने वाढविली, बँका आणि मोठे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे केले. फ्रान्स हा काही लहान देश नव्हे आणि त्याचे नाणे त्याचेच होते. पण शेजारी देश खर्च आखडीत असताना हा एकटाच खर्च वाढवीत होता, त्यामुळे आयात वाढली आणि फ्रँकवर ताण आला. दीड वर्षात नाण्याची किंमत तीनदा उतरवावी लागली. मार्च १९८३ मध्ये मित्तेराँ यांनी आपली दिशा बदलली. तेव्हा आपले नाणे असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

दुसरे उदाहरण पोर्तुगालचे. त्या देशानेही २०११ साली ७८ अब्ज युरोंचे कर्ज अटींसह घेतले होते. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीनंतर, म्हणजे ग्रीसच्या शरणागतीनंतर अवघ्या काही महिन्यांनी, अंतोनियु कोश्ता यांचे समाजवादी सरकार कम्युनिस्ट आणि इतर डाव्यांच्या पाठिंब्यावर आले. लोकांनी त्याला नाव ठेवले 'जेरिंगोन्सा', म्हणजे कशीबशी जोडलेली खटारा गाडी! पण ती खटारा गाडी चार वर्षे चालली. कापलेले पगार आणि निवृत्तिवेतने क्रमाक्रमाने परत दिली गेली, किमान वेतन ५०५ वरून ६०० युरो झाले, आणि तरीही तूट कमी होत होत २०१९ साली अर्थसंकल्पात किंचित शिल्लक उरली. हे जमले कसे? एक तर पोर्तुगालचा कर्जकार्यक्रम २०१४ सालीच संपला होता. हप्त्याची तलवार डोक्यावर नव्हती. दुसरे, मार्च २०१५ पासून युरोपीय मध्यवर्ती बँक पोर्तुगालचे रोखे विकत घेत होती. ग्रीसला ती सवलत नव्हती. तिसरे, त्या सरकारने ब्रुसेल्सच्या मर्यादा मोडल्या नाहीत. त्यांच्या आत राहून वाटणी बदलली. याची किंमतही होती. रस्ते, रेल्वे, इस्पितळे यांवरची नवी गुंतवणूक तोकडी राहिली, आणि तिथले डावे टीकाकार ते उघड बोलून दाखवीत. विजय होता, पण बेताचा.

आता सिद्धान्त सांगून समारोप करतो. काटकसरविरोधी राजकारण निवडणुकीनंतर यशस्वी होऊ शकते काय? माझे उत्तर: होऊ शकते, पण केवळ निवडणुकीने होत नाही. मतपेटी सरकारला अधिकार देते. सामर्थ्य देत नाही. सामर्थ्य असते रोकडीत, नाण्यात, मित्रांत आणि वेळेत. ज्या पक्षाला सावकाराशी झुंजायचे आहे, त्याने निवडणुकीच्या आधीच तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवली पाहिजेत. बँका बंद झाल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या हातात काय देणार? इतर देशांत आपल्या बाजूने उभा राहणारा कोण आहे? आणि सावकाराने माघार घेतली नाही, तर त्याची झळ कोणी, किती दिवस सोसायची? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मतदारापासून लपविले, तर विजयाच्या दिवशीच पराभवाची तारीख ठरते.

सावकारांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जो कौल दिला तो हिशेबाला धरून होता हे तुमच्याच तज्ज्ञांनी मान्य केले, आणि तरी तुम्ही तो धुडकावलात. हप्ते कदाचित वसूल झाले असतील. पण माणसे जेव्हा असे समजू लागतात की मत दिले काय नि न दिले काय, सारखेच, तेव्हा ती शांत बसतात असे नाही. एक तर ती घरी बसतात, नाही तर जो अधिक मोठ्याने ओरडतो त्याच्यामागे जातात. दोन्ही गोष्टी कर्जापेक्षा महाग पडतात.

वाटेत भेटलेले माझे स्नेही समोर बसलेले मला दिसत आहेत. त्यांना इतकेच सांगतो: अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच आहे. परंतु अंथरूण किती लांब असावे, हे ठरविताना ज्याचे पाय आहेत त्यालाही विचारले पाहिजे. ग्रीक जनतेने एवढेच मागितले होते. मागणे गैर नव्हते. ते पुरे करण्याची तयारी अपुरी होती. यापुढे जे कोणी असे मागतील, त्यांनी मागण्याइतकाच विचार तयारीचाही करावा.